वर्गाची लय उतरवताना

मधली सुट्टी संपवून आलेल्या वर्गावर सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे 'शांत बसा' असं ओरडणं. क्षणभर सामसूम होते. मग कुजबुज, कुजबुजीचं बोलणं आणि बोलण्याचा गलका. यात वात्रटपणाचा वाटा असतोच, पण कानाचाही असतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने १९११ साली नोंदवून ठेवलं होतं की आजूबाजूचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबारने याचा उपयोग बहिरेपणाचं सोंग पकडायला केला. कानात गोंगाट सोडल्यावर ज्याचा आवाज चढला, त्याला ऐकू येतंय हे उघड. वर्गात तीस-चाळीस जण एकाच वेळी हेच करत असतात. प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने बोलतो आणि शेजाऱ्याला अजून मोठ्याने बोलायला भाग पाडतो. शिक्षकांचं ओरडणं त्या चढाओढीतच सामील होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. म्हणजे जेमतेम कुजबुजीइतका. बहुतेक वर्गांत एवढी शांतता मुलं घरी गेल्यावरच सापडेल. तेव्हा आवाज खाली आणायचा, तर आवाजाशी भांडून चालणार नाही. शरीराचा वेग खाली आणावा लागतो आणि त्यासाठी लय हे फार कामाचं हत्यार आहे. मात्र ते कुठून धरायचं, हे माहीत हवं.

त्याआधी, वेग खाली म्हणजे किती खाली? १९०८ मध्ये रॉबर्ट यर्कीझ आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना उजळ आणि काळोखी खोका यांतला फरक शिकवला, चूक झाली की विजेचा सौम्य किंवा तीव्र झटका देऊन. फरक ओळखणं अवघड असेल तेव्हा मध्यम झटका मिळणारे उंदीर सगळ्यात लवकर शिकले. झटका फार सौम्य किंवा फार तीव्र असला की शिकायला जास्त वेळ लागला. हा प्रयोग आज जुना आणि ओबडधोबड वाटतो, पण त्यातून निघालेली कल्पना टिकून आहे. अवघड कामाला मध्यम उत्तेजना लागते. गणिताच्या तासाआधी मुलांना पेंग आणणारं संगीत लावणं हा म्हणूनच उपाय होऊ शकत नाही. उत्तेजना वाढत जाते तसं शिकणं आधी चढतं आणि मग उतरतं, टेकडीसारखं. खेळून आलेला मुलगा या टेकडीच्या शिखरापलीकडच्या उतारावर असतो. त्याला शिखरावर परत आणायचं आहे, दरीत ढकलायचं नाही.

आता लयीकडे. कुणालाही 'तुला आवडेल त्या वेगाने टेबलावर बोट वाजव' असं सांगितलं तर प्रत्येकाचा एक ठरावीक वेग निघतो. मोठ्यांचा साधारण मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास. पाच-सहा वर्षांच्या मुलांचा मात्र १४०-१५० च्या घरात, आणि वय वाढत जाईल तसा तो मंदावतो. मोठ्यांच्या शिस्तीच्या बऱ्याचशा कल्पना इथेच अडखळतात. आपल्याला संथ वाटणारा, मिनिटाला ६० ठोक्यांचा ठेका लहान मुलाला निव्वळ अवघड वाटतो. दोन टाळ्यांमध्ये पूर्ण एक सेकंद थांबायचं असतं आणि तो सेकंद त्याला पेलत नाही. तो आधीच टाळी वाजवून मोकळा होतो, बाकीचे हसतात आणि शांततेच्या खेळाचा गोंधळ होतो. मुलं ऐकत नाहीत असं आपण म्हणतो, पण त्यांना तो वेगच जमत नसतो.

मग सुरुवात मुलांच्या वेगापासून करायची. इरा आल्टशुलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९४० च्या दशकात रुग्णांसाठी संगीत वापरताना हेच तत्त्व मांडलं होतं. माणसाची मनःस्थिती जशी असेल तसंच संगीत आधी द्या आणि मग ते हळूहळू हवं तिकडे वळवा. वर्गात हे असं दिसतं. मुलं आत येतायत, अजून उभीच आहेत. शिक्षक काहीही न बोलता टेबलावर चांगला जलद ठेका धरतात आणि मुलं टाळ्यांनी साथ देतात. आवाज भरपूर होतो, होऊ द्यायचा. वीसेक टाळ्यांनंतर वेग किंचित उतरतो, टाळीऐवजी मांडीवर थाप येते. आणखी उतरतो, चुटकी येते. मग तळव्यावर एका बोटाचा ठोका. शेवटी नुसती हालचाल, आवाजच नाही. प्रत्येक पायरीवर वेग आणि आवाज दोन्ही कमी होतात. पुढची पायरी ऐकायला मुलांना स्वतःचा आवाज दाबावा लागतो, त्यामुळे लोंबारचा परिणाम आता उलट्या दिशेने आपल्या मदतीला येतो. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. घाई केली, जलदवरून थेट संथवर उडी मारली, तर वर्ग हातातून निसटतो.

खालच्या वेगाला तो मोठा सेकंद पेलवायचा कसा, याचं उत्तर स्विस संगीतशिक्षक एमिल झाक-डालक्रोझ यांच्या कामात मिळतं. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी सूर अचूक वाजवतात, पण लयीत डळमळतात. म्हणून त्यांनी त्यांना वाद्यांपासून उठवून चालायला, हात फिरवायला लावलं. दोन ठोक्यांमधला काळ शरीराने भरला की तो मोजावा लागत नाही. लहान मुलांनाही हेच लागू पडतं. 'टाळी वाजवा आणि थांबा' हे जमत नाही. 'टाळी वाजवा, हात मोठ्ठा गोल फिरवून परत आणा, मग टाळी' हे जमतं. गोल जितका मोठा, तितकी लय संथ.

इथे रेकॉर्ड केलेलं संगीत कमी पडतं. स्पीकर मुलांकडे बघून वेग बदलत नाही. लाइपझिगमध्ये काम करणाऱ्या सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी २००९ मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी फक्त स्पीकरचा आवाज होता. माणसासोबत मुलांची लय सगळ्यात चांगली जुळली. पुढच्या वर्षी त्यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या घेतल्या. काही जोड्या एकत्र गाऊन-नाचून खेळल्या, काही जोड्या तोच खेळ संगीताविना खेळल्या. नंतर जोडीदाराला मदत करायची वेळ आली तेव्हा गाणारी मुलं जास्त वेळा पुढे झाली. गळा गोड नसलेल्या शिक्षकांनी यातून दिलासा घ्यायला हरकत नाही. मुलांना समोर वाजवणारा माणूस हवा असतो, वाजवणं साधं चालतं.

श्वासाकडे वळू, कारण शांत करण्याचा विषय निघाला की 'दीर्घ श्वास घ्या' हे वाक्य ठरलेलं. लहान मुलांना हे सांगून बघा. खांदे कानांपर्यंत जातात, छाती फुगते, आणि लगेच दुसरा, तिसरा मोठा श्वास. अशा भराभर घेतलेल्या खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि एखाद्याला गरगरायलाही लागतं. शांत करण्याचं काम मुख्यतः उच्छ्वास करतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, कारण श्वास सोडताना व्हेगस या चेतेचा हृदयावरचा लगाम आवळला जातो. ही परानुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या यंत्रणेची प्रमुख चेता. मुलांमध्ये हा चढउतार चांगला ठळक असतो. तिसरी-चौथीच्या मुलांना मनगटावर दोन बोटं ठेवून स्वतःच्या नाडीत तो शोधायला सांगितलं तर तो एक छान प्रयोग होतो आणि तेवढा वेळ वर्ग आपोआप गप्प असतो.

उच्छ्वास लांबवायचा तर त्याला काहीतरी काम द्यावं. पातळ कागदाची वीतभर पट्टी ओठांसमोर धरायची आणि ती सारखीच हलत राहील इतकी बारीक फुंकर घालायची. जोरात फुंकलं की पट्टी आडवी होते आणि श्वास लगेच संपतो, हळू फुंकलं की ती लोंबकळते. मधली फुंकर मुलं स्वतःच शोधून काढतात. फक्त 'बघू कुणाची जास्त वेळ टिकते' असं चुकूनही म्हणू नये. स्पर्धा लागली की चेहरे लाल होतात आणि सगळं मुसळ केरात.

गाण्यात तर हा लांब उच्छ्वास फुकटातच मिळतो. ओळ गाणं म्हणजे श्वास सावकाश सोडणं, आणि ओळ संपली की पटकन भरून घेणं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र संथ गाणाऱ्यांच्या हृदयगतीतला चढउतारही जुळू लागतो. यात गूढ काही नाही. सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि एकाच वेळी सोडतात, हृदयं त्यामागून जातात. म्हणून शांत करण्यासाठीचं गाणं निवडताना शब्दांपेक्षा ओळींची लांबी बघावी. तुटक ओळींचं गाणं कितीही गोड असलं तरी हे काम करणार नाही. तोंड मिटून गुणगुणणंही चालतं, आणि ज्या मुलांना गायला संकोच वाटतो ती त्यात खपून जातात.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे थांबण्याचे खेळ. संगीत चालू असताना नाचायचं, थांबलं की जागच्या जागी स्टॅच्यू. दिसायला हा धिंगाणा, पण निघालेली हालचाल मधेच रोखणं हे कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं काम आहे आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. सहा वर्षांच्या मुलाला ते खरंच जड जातं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाच्या मेगन मॅक्लेलंड यांची याच धर्तीवरची एक चाचणी आहे. 'डोक्याला हात लावा' म्हटलं की मुलाने पायाच्या बोटांना लावायचा, आणि उलट. हात अर्ध्यावर जातो, थबकतो, खाली वळतो, आणि चेहऱ्यावर सगळी ओढाताण दिसते. मॅक्लेलंड आणि शॉना टॉमिनी यांनी २०११ मध्ये बालवर्गातल्या मुलांना असेच थांबण्याचे, ढोलाच्या इशाऱ्यावर हालचाल बदलण्याचे खेळ काही आठवडे दिले. ज्यांचा स्वतःवरचा ताबा सुरुवातीला कमी होता, त्यांना अधिक फायदा झाला.

खेळ अवघड करत नेण्याची गंमत नियम उलटण्यात आहे. पहिल्या दिवशी जलद ठेक्यावर जलद चालायचं, संथ ठेक्यावर संथ. ते अंगवळणी पडलं की उलट करायचं. शरीर ठेक्यामागे धावू बघतं आणि मुलाला ते आवरावं लागतं. संगीत खुर्ची मात्र तिच्या नेहमीच्या रूपात वर्गात आणू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याला थांबणं जमत नाही तो पहिल्याच फेरीत बाद होतो, म्हणजे ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज तोच भिंतीला टेकून बसतो आणि तिथे दंगा करतो. खुर्च्या कमी कराव्यात, मुलं कमी करू नयेत. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी कसं मावायचं, हा नवा खेळ होतो. तो शांत नसतो, पण तो संपल्यावर वर्ग चांगला निवतो.

ऐकण्याचे खेळ सगळ्यात सोपे. धातूच्या त्रिकोणावर किंवा झांजेवर एक ठोका द्यायचा आणि आवाज पूर्ण विरला असं वाटेल तेव्हा हात वर करायचा. सुरुवातीला आवाज झपाट्याने उतरतो, मग त्याची शेपटी लांबत जाते आणि तो आहे की नाही हे कळेनासं होतं. हात वेगवेगळ्या क्षणी वर येतात. कान वेगळे, बसण्याची जागा वेगळी, त्यामुळे इथे चूक कुणाचीच नसते. २००६ मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून रक्तदाब, हृदयगती आणि श्वास मोजले. संगीत जितकं जलद, तितका शरीराचा वेग वाढला. पण मधेच सोडलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हृदयगती आणि रक्तदाब सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली गेले. आधी आवाज, मग शांतता, असा क्रम लागतो.

या विषयाभोवती अतिशयोक्तीही बरीच आहे. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात मोझार्ट ऐकलेल्या ३६ कॉलेज विद्यार्थ्यांचे गुण अवकाशीय कोड्यांत दहा-पंधरा मिनिटं वाढले. त्यावरून बाळांना मोझार्ट ऐकवला की बुद्धी वाढते, असा बाजार उभा राहिला. पुढच्या प्रयोगांनी दाखवलं की कोणतंही उत्साही, आवडतं संगीत तेवढंच करतं, कारण माणूस जागा आणि खुश होतो. ध्यानाचंही तसंच. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या ८ हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सजगतेचे सरसकट धडे नेहमीच्या शिकवणीपेक्षा सरस ठरले नाहीत. ती मुलं माध्यमिकची होती, तरी 'डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या' हे सगळ्यांना पथ्याचं नसतं, एवढं त्यातून घ्यावं. डोळे मिटणं ऐच्छिक ठेवावं. काही मुलांना ते भीतीचं वाटतं, त्यांनी टेबलाच्या कडेकडे बघितलं तरी चालतं. श्रवणयंत्र लावणाऱ्या किंवा आवाजाला फार संवेदनशील असलेल्या मुलाला झांजेचा ठोका टोचतो. त्याच्यासाठी झांज कापडावर ठेवून वाजवावी किंवा ठोका त्यालाच देऊ द्यावा. येणारा आवाज आपल्या हातात असला की तो कमी बोचतो.

खेळ लागू पडला की नाही, हे खेळ चालू असताना कळत नाही, तेव्हा तर सगळेच रमलेले असतात. खेळ संपल्यापासून वर्गातल्या बहुतेकांच्या वह्या उघडून पेन्सिली चालू लागेपर्यंत किती वेळ गेला, हे घड्याळात बघावं. आठवडाभर रोज एकच खेळ ठेवून हा वेळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जावं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा खेळ घेऊन तुलना करावी. आकडे मुलांनाच लिहू द्यावेत, कारण चौथीच्या वर्गाला स्वतःवरचा प्रयोग फार आवडतो.