मागचं चाक फुकट फिरतं: डिफरन्शियल बघायचा की सस्पेन्शन?

फोंडा असो वा म्हापसा, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार असली की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘एलएसडी बसव’ (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा डिफरन्शियल) आणि ‘सस्पेन्शन हार्ड करून घे’. दोन्ही म्हणे मागची ग्रिप वाढवण्यासाठी. ग्रिप देतो टायर. मागच्या दोनपैकी कुठल्या टायरवर किती भार पडणार हे सस्पेन्शन ठरवतं आणि इंजिनाचा जोर त्या दोघांत कसा वाटायचा हे डिफरन्शियल. दुसरा सल्ला तर बऱ्याचदा उलटाच पडतो.

चोर्ला घाटातलं एखादं आवळ वळण घ्या. गाडी 1500 किलोची, निम्मं वजन मागे, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर, डाव्या-उजव्या चाकांत अंतर दीड मीटर. 0.6 जीने (गुरुत्वाकर्षणाच्या 0.6 पट आडव्या जोराने) वळताना साधारण 300 किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडणारी, गाडीचं कलणं कमी करणारी दांडी; सस्पेन्शन हार्ड करताना बऱ्याचदा हीच जाड करतात) कितीही जाड घातला तरी हा आकडा जवळपास तोच राहतो. बार फक्त तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वाटतो. वाटणी निम्मी-निम्मी असेल तर मागच्या आतल्या चाकावर 375 ऐवजी 225 किलो उरतात, बाहेरच्यावर 525. मागचा बार जाड करून 65 टक्के वाटा मागे ओढला, की आतल्या चाकावर राहिले 180.

आता डिफरन्शियल. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, म्हणून आतलं चाक झेलेल तेवढंच बाहेरच्याच्याही वाट्याला येतं. आधी 225 च्या दुप्पट, म्हणजे 450 किलोंवरची पकड वापरता येत होती. बार बदलल्यावर 360 वरची. गाडी कमी कलते, वळणात झकास वाटते, पण बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक फिरायला लागतं. (वेग घेताना मागे येणारा भार आणि टायरवरचा आडवा जोर या हिशेबात धरलेला नाही. धरला तरी रोख हाच.)

एलएसडी इथे खरा उपयोगी. टोयोटा जीआर86 मध्ये असतो तसा टॉर्सन (गिअरांवर चालणारा एलएसडी), समजा अडीचपटीचा, कमजोर चाक जेवढं पेलतं त्याच्या अडीचपट दुसऱ्याकडे पाठवू शकतो. 225 चे अडीचपट 562, म्हणजे बाहेरचा टायर पुरता कामाला लागला. पण बार इतका कडक, की आतलं चाक हवेतच? शून्याची अडीचपट शून्य. क्लच-प्लेटवाल्या एलएसडीत प्रीलोड (प्लेटांवर आधीपासूनच असलेला दाब) असतो, त्यामुळे तिथे थोडा तरी जोर पोचतो. खराब झालेल्या डांबरावर चाक उड्या मारत असेल तर कुठलाच डिफरन्शियल कामाचा नाही. आधी डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) बघा.

आपल्या पावसाळ्यात मात्र एलएसडीची दुसरी बाजू दिसते. ओपन डिफरन्शियलमध्ये आतलं चाक फिरतं तेव्हा बाहेरचं अजून धरून असतं; आरपीएम वाढतो, गाडी पुढे सरत नाही, पण शेपूटही सहसा जागेवर राहते. एलएसडीने दोन्ही चाकं एकदम सुटली तर आडवी पकडही जाते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. रस्त्याच्या कडेला वाहून आलेल्या लाल चिखलावर हे फार पटकन होतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची हौस जूनमध्ये तरी आवरा.

मग आधी काय बघायचं? सरळ रस्त्यावर एक चाक चिखलात आणि एक डांबरावर असताना गाडी अडत असेल, तर प्रश्न डिफरन्शियलचा. कोरड्या वळणातच आतलं चाक सुटत असेल, तर मागचा बार एक पायरी सैल करून बघा, खर्च जवळजवळ नाही. मात्र तेवढा भार पुढे जातो आणि गाडी नाकाने वळणाबाहेर ढकलायला लागते. ते सोसवेना, तेव्हा एलएसडी.

जुनी गाडी घेताना विक्रेता ‘एलएसडी आहे’ म्हणाला तर पुढच्या चाकांना अडण लावून मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल, आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेला फिरलं तर क्लचवाला एलएसडी शाबूत आहे. उलट फिरलं तर ओपन, किंवा आतल्या प्लेटा झिजलेल्या. टॉर्सन मात्र उलटही फिरू शकतो, तिथे गाडीची कागदपत्रंच बघावी लागतात.