सेल काढायचा की चिप लिहायची? सीमॉस आणि बायोस यांतला घोळ

कम्प्युटर सुरू होत नाही म्हटलं की आजूबाजूच्या निम्म्या लोकांचा सल्ला ठरलेला असतो: "बोर्डावरचा सेल काढ आणि पाच मिनिटांनी परत लाव." सल्ला फुकट आहे, बहुतेक वेळा निरुपद्रवी आहे आणि कधीकधी लागूही पडतो, म्हणून तो टिकून आहे. पण बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अपडेट होत असताना लाइट गेली आणि तेव्हापासून पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळी, अशा बोर्डाचा सेल काढत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सेल ज्या मेमरीला जिवंत ठेवतो ती वेगळी आणि अर्धवट लिहिली गेली ती वेगळी.

पहिली मेमरी सेटिंग्जची. १९८१च्या मूळ आयबीएम पीसीवर ती नव्हतीच. रॅम किती आणि फ्लॉपी ड्राइव्ह किती हे बोर्डावरचे चिमुकले स्विच वरखाली करून सांगावं लागे. १९८४च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप आली. तिच्यात एकूण ६४ बाइट होते: १४ घड्याळ आणि त्याच्या नियंत्रणासाठी, उरलेले ५० सेटिंग्जसाठी. वीज तुटली की ही मेमरी कोरी होते, म्हणून जोडीला बॅटरी आली. आज ती स्वतंत्र चिप राहिली नाही, चिपसेटच्या पोटात गेली. व्यवस्था मात्र तीच आहे: ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल, घड्याळाचा ठोका देणारा क्रिस्टल आणि थोडेसे बाइट. दुकानांत याला सरसकट सीमॉस म्हणतात, आपणही तेच म्हणू.

दुसरी मेमरी म्हणजे बायोसची चिप. सेलपासून जरा दूर बहुधा आठ पायांची एक काळी चिप दिसते आणि तिच्यावर २५क्यू१२८ किंवा २५क्यू२५६ असं काहीतरी छापलेलं असतं. क्षमता अनुक्रमे १६ आणि ३२ एमबी. ही फ्लॅश मेमरी, तिला सेलची गरज नाही. बोर्ड माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिला तरी मजकूर शाबूत. इथे सेटिंग्ज नव्हे, खुद्द प्रोग्राम राहतो. इंटेलचा प्रोसेसर जागा झाला की पहिली सूचना ४ जीबीच्या सीमेच्या फक्त १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर शोधतो आणि तो पत्ता या चिपकडे नेतो. तेव्हा रॅमसुद्धा तयार नसते. ती तयार करण्याचं कामही याच प्रोग्रामचं. एएमडीच्या रायझनमध्ये आधी एक छोटा सुरक्षा प्रोसेसर उठतो, पण त्याचाही कोड याच चिपमधून येतो.

म्हणून दोन्हींच्या बिघाडाची तऱ्हा वेगळी. सेल संपला तर मशीन सहसा चालू होतं, फक्त तक्रार करतं. चेकसमची (साठवलेला मजकूर शाबूत आहे का ते तपासणाऱ्या बेरजेची) चूक दाखवून एफ१ दाबायला सांगतं, तारीख काही वर्षं मागे जाते आणि मग ब्राउझर बँकेची साइट उघडायला नकार देतो, कारण सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही. सेटिंग चुकीचं पडलं असेल, समजा रॅमचा वेग झेपेल त्याहून जास्त ठेवला असेल, तर स्क्रीन काळी राहू शकते. तिथे सीमॉस क्लिअर केल्यावर बोर्ड खरोखरच उठतो. फर्मवेअर, म्हणजे बायोसच्या चिपमधला प्रोग्राम, खराब असेल तर मात्र तक्रार करणाराच जाग्यावर नसतो. बीप नाही, डिस्प्ले नाही, डिलीटचं बटण दाबून काही होत नाही. काही बोर्ड चालू होऊन दोन सेकंदांत बंद होतात आणि तेच करत राहतात.

आता इथे एक सापळा आहे. डीडीआर५च्या बोर्डावर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, सीमॉस क्लिअर केल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला रॅमची जुळवाजुळव नव्याने होते. त्यात काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. अधीर माणूस या वेळात बटण दाबून मशीन बंद करतो, परत सेल काढतो, परत तेच, आणि शेवटी बायोस उडालं म्हणून जाहीर करतो. दहा मिनिटं हात लावू नका, चहा करून या. दुसरी गल्लत नव्या प्रोसेसरची. जुन्या बायोसला रायझन ५००० ओळखता येत नसेल तर बोर्ड मेल्यासारखाच वागतो, पण चिपमधला मजकूर ठणठणीत असतो, फक्त शिळा. आणि सैल रॅम तपासायची राहिली असेल तर या लेखातलं पुढचं काहीही करू नये. रॅम काढा, कड पुसा, खटकन आवाज येईपर्यंत परत बसवा.

सीमॉस क्लिअर करण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण तेवढंही लोक चुकवतात. एसएमपीएसची (मशीनला वीज देणाऱ्या डब्याची) वायर भिंतीतून काढायची, नुसतं मशीन बंद करून भागत नाही. वायर लागलेली असताना स्टँडबायची वीज त्या मेमरीला मिळतच असते. सेल काढून ठेवलात तरी तिला पत्ता लागत नाही. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून साठलेली वीज उतरवा, मग सेल काढा किंवा सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडा. आधी एकच विचार करा: तुमची विंडोज रेड किंवा व्हीएमडी मोडमध्ये (डिस्क हाताळायच्या खास पद्धतींत) टाकलेली असेल तर क्लिअर केल्यावर मोड मूळ स्थितीला जाऊ शकतो आणि निळा पडदा येतो. डिस्क बिघडलेली नसते, मोड पुन्हा पूर्ववत करायचा असतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी.

इथवर दोन मेमऱ्यांची वाटणी सरळ वाटते. यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, आल्यापासून ती तितकी सरळ राहिलेली नाही. आजच्या बऱ्याच बोर्डांवर बहुतेक सेटिंग्ज सीमॉसच्या बाइटांत नसतातच. बायोसच्याच चिपमध्ये एनव्हीरॅम नावाचा कोपरा राखलेला असतो, तिथे असतात. सेल काढला की त्या पुसल्या जात नाहीत. फर्मवेअरला एवढंच दिसतं की घड्याळाची वीज मधे तुटली होती, आणि त्यावरून ते मूळ सेटिंग्ज उचलतं. म्हणूनच सिक्युअर बूटच्या (फक्त ओळखीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) चाव्या किंवा बूटच्या यादीतली नावं सेल काढूनही अनेकदा तशीच राहतात. लॅपटॉपचा बायोस पासवर्ड सेल काढून जाईल ही आशाही म्हणूनच फोल ठरते.

या सरमिसळीची किंमत लोकांनी मोजली आहे. २०१३च्या सुरुवातीला सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू केल्यावर कायमचे बंद पडले. दोष लिनक्सवर गेला, पण लिनक्सचे डेव्हलपर मॅथ्यू गॅरेट यांनी दाखवून दिलं की विंडोजमधूनही तो एनव्हीरॅमचा कोपरा पुरेसा भरला की तेच होतं. फर्मवेअर स्वतःच्या भरलेल्या कपाटापुढे अडखळत होतं. २०१६मध्ये उलटा प्रकार झाला. लिनक्सवर मुळापासून सगळं पुसणारी कमांड चालवल्याने यूईएफआयचे व्हेरिएबलही (एनव्हीरॅममधल्या नोंदी, ज्या लिनक्सला फाइलींसारख्या दिसतात) पुसले गेले आणि एमएसआयचा एक लॅपटॉप उठेनासा झाला. पुढे लिनक्स कर्नेलने त्या फाइली सहजी पुसता येणार नाहीत अशी सोय केली. डिसेंबर २०१७चं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. उबुंटू १७.१० टाकल्यावर लेनोवोच्या काही लॅपटॉपवर बायोसमधली सेटिंग्ज सेव्ह होईनाशी झाली आणि पेनड्राइव्हवरून बूटही होईना. लक्षण अगदी संपलेल्या सेलचं, कारण मात्र इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे फ्लॅश चिपलाच लागलेलं लेखनबंदीचं कुलूप. उबुंटूने ती आवृत्ती डाउनलोडवरून काढून घेतली.

चिपच बिघडली आहे हे नक्की झालं, की मग खरी दुरुस्ती. इथेही दोन सोयींची नावं एकमेकांत मिसळतात, आणि फरक बोर्डावर काय जिवंत आहे यावर आहे.

जुन्या बायोसमध्ये बूट ब्लॉक नावाचा एक छोटा भाग शक्यतो कधीच पुन्हा लिहिला जात नसे. बाकी सगळं गेलं तरी तेवढा भाग उठून फ्लॉपी वाचू शकायचा. एएमआय या कंपनीच्या बायोसवर एएमआयबूट.रॉम नावाची फाइल फ्लॉपीत टाकून कंट्रोल आणि होम दाबायची पद्धत अनेक जुन्या दुरुस्तीवाल्यांना आजही तोंडपाठ आहे. आसूसचं क्रॅशफ्री याच वंशातलं, फक्त फ्लॉपीऐवजी सीडी किंवा पेनड्राइव्ह. लॅपटॉपमध्ये एचपीवर विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरून पॉवर दाबतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडतात. या सगळ्यांची अट एकच: प्रोसेसर, रॅम आणि फर्मवेअरचा तो छोटा भाग शाबूत हवा. तोच गेला असेल तर कितीही बटणं दाबा.

आसूसचं यूएसबी बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयचं फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश प्लस ही वेगळी जात. इथे बोर्डावरची एक स्वतंत्र कंट्रोलर चिप पेनड्राइव्ह वाचते आणि बायोसची चिप लिहिते. प्रोसेसरला यात कामच नाही. तो सॉकेटमध्ये नसला तरी चालतं, रॅमही नको. म्हणूनच रायझन ५०००च्या वेळी जुना प्रोसेसर उसना आणायची वेळ या बोर्डांवर आली नाही. बोर्ड घेताना मागच्या पट्टीवर हे बटण आहे का ते बघा. रंगीत दिव्यांच्या आरजीबीपेक्षा माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे.

करायची पद्धत सोपी, पण काटेकोर. पेनड्राइव्ह एफएटी३२ने फॉरमॅट केलेला हवा. फाइलचं नाव कंपनी सांगेल तेच, इंग्रजी अक्षरांत: एमएसआयला एमएसआय.रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट.बिन, आसूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्राम येतो. विंडोज फाइलचं शेपूट लपवत असेल तर नाव एमएसआय.रॉम.रॉम होऊन बसतं आणि बोर्ड तिला ओळखत नाही. पेनड्राइव्ह मागच्या त्याच पोर्टमध्ये, ज्याच्याभोवती खूण आहे. एसएमपीएसच्या वायरी जोडलेल्या, मशीन बंद, मग बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. आसूसवर तो पाच सेकंद लुकलुकून सलग पेटून राहिला तर काहीच लिहिलं जात नाहीये: फाइल, नाव किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी चुकलं. आणि हे सगळं यूपीएसवर. लाइट गेल्याने बिघडलेलं दुरुस्त करताना परत लाइट जाण्याचा योग आपल्याकडे दुर्मिळ नाही.

गिगाबाइटच्या अनेक बोर्डांवर ड्युअल बायोस म्हणून दुसरी चिप असायची. एक बिघडली तर दुसरीवरून सुरू होऊन पहिली दुरुस्त होते. या धास्तीला इतिहास आहे: तैवानच्या चेन इंग-हाउ याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनांवर डिस्कचा सुरुवातीचा भाग तर पुसलाच, पण ज्या बोर्डांवर जमलं तिथे बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहिला. त्या बोर्डांवर सेल काढून काही होण्यासारखं नव्हतं, चिप काढून पुन्हा लिहावी लागली.

बोर्डावर यातलं काहीच नसेल, किंवा असूनही उपयोग झाला नसेल, तर प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र, उरतो. सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रामर आणि आठ पायांना पकडणारी क्लिप, बस. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ही साधनं शोधावी लागत नाहीत. चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरच्या चिपांची दुरुस्ती, करणारे लोक चिप काढून बाहेर लिहिणं पसंत करतात, कारण बोर्डावरच क्लिप लावली तर प्रोग्रामरची वीज इतर भागांतही पाझरते आणि वाचन चुकतं. स्वतः करणार असाल तर आधी चिपवरचा पूर्ण नंबर वाचा. बहुतेक २५ मालिकेतल्या चिप ३.३ व्होल्टच्या असतात, पण अनेक लॅपटॉपवर १.८ व्होल्टच्या येतात आणि त्यांना अडॅप्टर लागतो. शिवाय या काळ्या प्रोग्रामरच्या अनेक प्रतींमध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ही त्याची जुनी खोड. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. क्लिप उलटी लागली तर चिप गरम होते.

लिहिण्याआधी वाचायचं, आणि दोनदा वाचायचं. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्या तरच क्लिप नीट बसली आहे. १६ एमबीच्या चिपची फाइल १,६७,७७,२१६ बाइटचीच हवी. आसूसच्या साइटवरची कॅप फाइल थेट लिहायची नसते, तिच्या तोंडाशी २,०४८ बाइटचं जास्तीचं आवरण असतं, ते कापावं लागतं. लॅपटॉपच्या बाबतीत कंपनीची फाइल बऱ्याचदा पूर्ण चिपभर नसतेच, कारण इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधल्या छोट्या स्वतंत्र प्रोसेसरच्या फर्मवेअरचा) भाग वेगळा ठेवलेला असतो.

दुकानदार नेटवरून त्याच मॉडेलची तयार फाइल उतरवून चिपवर लिहितो तेव्हा मशीन सुरू होतं खरं, पण कुण्या तिसऱ्याच लॅपटॉपचा सिरियल नंबर, कधी नेटवर्कचा मॅक पत्ता आणि विंडोजची की घेऊन. म्हणून काम देतानाच सांगा की जुनी चिप पुसण्याआधी वाचून घ्या आणि ती फाइल मला पेनड्राइव्हवर द्या. खराब फर्मवेअरमध्येही हे तपशील बहुधा शाबूत असतात, आणि नव्या फाइलमध्ये ते उचलून ठेवणं चिप लेव्हलवाल्याला काही मिनिटांचं काम आहे.