कर्करोग-पाठपुराव्यातील सातत्य

(सरकारी व खाजगी उपचारांमधील स्थलांतर). शस्त्रक्रिया, रसायनोपचार (केमो) वा किरणोपचार आटोपल्यावर कर्करुग्णाची ठरावीक अंतराने तपासणी करत राहणे म्हणजे पाठपुरावा. रुग्णांच्या बोलण्यात ‘फॉलो-अप’ किंवा ‘चेकिंगला जाणे’. रुग्ण सरकारी रुग्णालयातून खाजगीत अथवा खाजगीतून सरकारीत गेला, तरी हा क्रम न तुटणे हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

पाठपुराव्याच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत तो बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांच्याकडे नेते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांनी प्रत्येक रुग्णाचे कार्ड ठेवून शस्त्रक्रियेचा अंतिम परिणाम पुढे तपासण्याचा आग्रह धरला. दुसरे मत जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराकडे बोट दाखवते. तेथे 1926 च्या सुमारास कर्करुग्णांच्या उत्तरसेवेची व्यवस्था सुरू झाली. तीन परिचारिका रुग्णालयांत व डॉक्टरांकडे नियमित फिरून नव्या रुग्णांची नावे टिपत आणि ती आरोग्य विभागाच्या मध्यवर्ती सूचीत उतरत. कॉडमन यांचा भर शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेवर होता. हॅम्बुर्गची सूची मात्र एका रुग्णालयाच्या भिंतींत अडकलेली नव्हती. म्हणून प्रस्तुत अर्थाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

रुग्णालय बदलताना डिस्चार्ज कार्ड सोबत येतेच. अडते ते त्यात न लिहिलेल्या गोष्टींवर. डॉक्सोरुबिसिन या रसायनोपचारातील औषधाने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो, म्हणून आयुष्यभराची एकूण मात्रा साधारणपणे शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला 450 ते 550 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. स्तनकर्करोगाच्या नेहमीच्या पद्धतीत दर चौरस मीटरला प्रत्येकी 60 मिलिग्रॅमच्या चार फेऱ्या, म्हणजे एकूण 240 मिलिग्रॅम, होतात. कार्डावर नुसते ‘केमोच्या 4 सायकल पूर्ण’ असेल, तर रोग उलटल्यावर नव्या डॉक्टरांना उरलेली मर्यादा काढता येत नाही. किरणोपचारातही तसेच. मज्जारज्जूला सुमारे 45 ते 50 ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतकीच मात्रा सुरक्षित मानतात, त्यामुळे मानेला पूर्वी कोठे व किती किरण दिले हे कळल्याशिवाय पुन्हा देणे धोक्याचे ठरते.

तिसरी गोष्ट पॅराफिन ब्लॉक. छोट्या प्लास्टिकच्या डबीवर बसवलेला हा मेणाचा चौकोनी तुकडा. आत गाठीचा अंश, कडेला प्रयोगशाळेचा क्रमांक. संप्रेरक-ग्राही किंवा हर-2 (पेशींवरील एक प्रथिन) या, औषध ठरवण्यासाठीच्या चाचण्या त्याच्याच कापांवर होतात. गाठ काढून टाकल्यावर मूळ ऊतीचा हाच साठा उरतो, आणि त्यावरचा क्रमांक पुसला तर तो कोणाचा हे सांगणे कठीण. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना 1941) बाहेरून येणाऱ्यांना ब्लॉक व स्लाइड (ऊतीचे काप बसवलेल्या काचपट्ट्या) आणायला सांगतात ते यासाठीच. रुग्णाने ब्लॉक व स्लाइड दोन्ही पावतीसह ताब्यात घ्यावेत.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि मागितल्यास 72 तासांत द्यावे लागतात. रुग्णाला ते नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच म्हटले होते. तीन वर्षांची ही मुदत कर्करोगाला तोकडी आहे. स्तनकर्करोग उलटू नये म्हणून दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळीच पाच ते दहा वर्षे चालते.

महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने (नंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) सरकारी व खाजगी अंगीकृत रुग्णालये एका छत्राखाली आणली. मूळ यादीत 971 उपचारांबरोबर 121 पाठपुरावा-सेवा होत्या. तरीही प्रत्येक रुग्णालयाचा केसपेपर वेगळाच राहिला. चौदा अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकाने अहवाल जोडता येतात. ब्लॉक मात्र हातानेच न्यावा लागतो.

दोन्हीकडच्या नोंदी एकत्र येण्याचे जुने ठिकाण म्हणजे कर्करोग नोंदणी : मुंबईत 1963 पासून, ग्रामीण भागात बार्शी येथे 1987 पासून. तेथील कर्मचारी सरकारी व खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांत जाऊन माहिती गोळा करतात. तिचा उपयोग रोगाचे प्रमाण व जगण्याचा कालावधी मोजण्यासाठी होतो, पुढच्या डॉक्टरांना निरोप देण्यासाठी नव्हे.