हायलँडचे पायपर

स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, बॅगपाइप वाजवणाऱ्याला पायपर म्हणतात. हे वाद्य युरोपात इतरत्रही आहे. स्पेनमधली गॅलिसियाची गायता हे त्याचेच भावंड. पण जगाच्या कानात बसला तो हायलँडचा आवाज.

पायपर फुंकनळीतून पिशवीत हवा भरतो आणि काखेतली ती पिशवी कोपराने दाबत राहतो. त्यामुळे श्वास घेतानाही सूर तुटत नाही. सुरावट चँटर या भोकांच्या नळीवर वाजते. खांद्यावरच्या तीन नळ्या दोन सप्तकांत एकच आधारस्वर धरतात, तंबोऱ्यासारखा. चँटरवर स्वर अवघे 9. आवाज लहानमोठा करता येत नाही आणि मधे थांबताही येत नाही. तोच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल, तरी मधे दुसऱ्या स्वराचा निसटता स्पर्श द्यावा लागतो. या अडचणीतूनच पायपरांची अलंकारविद्या वाढली, आणि तीच या वाद्याची खरी श्रीमंती आहे.

कुळाच्या प्रमुखाकडे पिढीजात पायपर असे. सर्वांत नावाजलेले घराणे स्काय बेटावरच्या मॅकक्रिमनांचे. ते डनव्हेगनच्या मॅकलाउड कुळाचे पायपर होते आणि बोररेग येथे त्यांची शाळा होती. त्यांचे संगीत म्हणजे पिब्रॉख : आधी ‘उर्लर’ ही संथ मूळ सुरावट, मग तिचे अधिकाधिक गुंतागुंतीचे विस्तार आणि शेवटी पुन्हा उर्लर. शोक, स्वागत, युद्धासाठीची जमवाजमव असे पिब्रॉखचे विषय. शिक्षण तोंडी होते. ‘हिहारिन’, ‘होडिन’ अशा अक्षरांत गुरू सुरावट गाऊन देई. तबल्याचे बोल तोंडपाठ करणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही, मात्र येथे अक्षरे स्वर आणि अलंकार सांगतात.

16 एप्रिल 1746 रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडन येथे जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर आणू पाहणारे बंडखोर सैन्य, हरले. त्यानंतर बॅगपाइपवर कायद्याने बंदी आली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. त्या वर्षीच्या कायद्यात वाद्याचा उल्लेखच नाही. मात्र बंडखोरांच्या जेम्स रीड या पायपरला यॉर्क येथे फाशी झाली. आपण शस्त्र धरले नव्हते, असा त्याचा बचाव होता. हायलँडची पलटण पायपरशिवाय कूच करत नाही, म्हणून हे वाद्यही युद्धाचेच साधन, असे न्यायालयाने ठरवले. वाद्याच्या ताकदीची याहून क्रूर कबुली क्वचितच सापडेल.

कुळांची सत्ता मोडल्यावर पायपरांना आश्रय मिळाला तो ब्रिटिश लष्करात. वायव्य सरहद्दीवर दरगाईच्या लढाईत (1897) जॉर्ज फिंडलेटर पायांत गोळ्या लागूनही वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. 6 जून 1944 रोजी दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना पायपर बिल मिलिनने गोळीबारात पाइप वाजवले. दरम्यान 1781 मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क येथे सुरू झालेल्या स्पर्धांनी पिब्रॉख टिकवून धरले.

पलटणींबरोबर हे वाद्य भारतातही आले. 29 जानेवारीला दिल्लीत होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्कराचे पाइप बँड वाजतात. पाकिस्तानातले सियालकोट हे बॅगपाइप बनवण्याचे मोठे केंद्र आहे. उत्तराखंडात तर हेच वाद्य ‘मशकबीन’ नावाने ढोल-दमाऊंच्या साथीला लग्नाच्या वरातीत असते.