व्यायाम आणि निद्राविकार

निद्रानाश, झोपेतील श्वासरोध, पायांची रात्रीची वळवळ आणि रात्रपाळीमुळे विस्कटलेली झोप हे सारे निद्राविकारच. मात्र नियमित व्यायामाचा त्यांच्यावर होणारा परिणाम सारखा नसतो. यंत्रमाग आणि विडी उद्योगांच्या सोलापुरात ‘दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असे सहज विचारले जाते. यंत्रमागापुढे तासन्‌तास उभे राहिल्याने किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्याने अंग शिणते हे खरे, पण श्वास आणि नाडी वाढवणारी हालचाल त्यात थोडीच असते.

निद्रानाशात व्यायामाने चिंता कमी होते आणि गाढ झोपेचे प्रमाण काहीसे वाढते. शिवाय व्यायामाने चढलेले शरीराचे तापमान नंतर उतरू लागते, तेव्हा झोप लागणे सोपे जाते, असे मानले जाते. हा गुण एका दिवसात येत नाही, त्याला काही आठवडे लागतात. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार मात्र बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, हाच आहे.

श्वासरोधाचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२ आठवड्यांच्या व्यायामाने, वजनात फारसा फरक न पडताही, श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. याचे एक संभाव्य कारण असे की, दिवसभर उभे वा बसून राहिल्याने पायांत साचलेला द्रव आडवे झाल्यावर मानेकडे सरकतो व श्वसनमार्ग अरुंद करतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळले गेले की हा साठा कमी होतो. संध्याकाळी पाय सुजणाऱ्या माग कामगाराने हे ध्यानात घ्यावे. तीव्र श्वासरोधात अर्थातच झोपेत श्वसनमार्ग उघडा ठेवण्यासाठी दाबाने हवा देणाऱ्या यंत्राला व्यायाम हा पर्याय नव्हे.

पायांच्या वळवळीत बेताचा व्यायाम उपयोगी पडतो, तर उशिरा केलेला अतिश्रमाचा व्यायाम त्रास वाढवू शकतो; लोहाच्या कमतरतेनेही हा त्रास होऊ शकतो, म्हणून रक्तातील लोहसाठाही तपासावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला. सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्यात त्यासाठी सिद्धेश्वर तलावाकाठची पहाट सोयीची ठरते, पण रात्रपाळी संपवून निघालेल्याला नव्हे: सकाळचा प्रकाश त्याची झोप आणखी पुढे ढकलतो, म्हणून त्याने दिवसाची झोप झाल्यावर, कामावर जाण्यापूर्वी चालावे.