वारली उठाव : गवताच्या दरामागची जमीन

1945 चा वारल्यांचा उठाव म्हटला की कम्युनिस्टांचा लाल बावटा आठवतो. पण डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यातल्या या भांडणाची मुळं जवळपास शंभर वर्षं मागे, इंग्रजांच्या मोजणीत आहेत. रयतवारीने, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीने, जमिनीला खातेदार दिला, रोख सारा ठरवला आणि तीच जमीन विकण्याजोगी, गहाण ठेवण्याजोगी झाली. रोकड मात्र सावकाराकडेच होती. पुढे 1878 च्या वनकायद्याने जंगलावर सरकारी हक्क बसला, त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरली, आणि कर्जाशिवाय वर्ष निघेना.

जमीन जायची ती खावटीतून. पावसाळ्यात घरातलं भात संपतं, नेमकं पेरणीच्या तोंडावर. तेव्हा उचललेलं भात कापणीला दीडपट, कधी दुप्पट फेडायचं, तेही सावकाराच्या मापाने. दोन वर्षं पीक बुडालं की सातबारा फिरला. तोच वारली त्याच शेतात कूळ म्हणून अर्धं पीक मालकाला देऊ लागला, वर वेठ फुकट. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही मालकाच्या घरी राबायची. याला लग्नगडी म्हणत.

23 मे 1945 रोजी झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेने तिथे वेठबिगार बंद आणि दिवसाला रोख 12 आणे मजुरी, असं ठरवलं. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मागणी होती 500 पौंडांना अडीच रुपये. वेळ अचूक होती. गवत वाळलं की थोड्याच आठवड्यांत कापून गठ्ठे मुंबईला जावे लागतात; उशीर झाला तर मालाची किंमत उतरते. इतर हंगामात मालक थांबू शकला असता, या हंगामात नाही.

गोदावरीबाईंची सभा असल्याची खोटी आवई उठवून 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गर्दी जमवली गेली आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. तरी संप मोडला नाही. अडीच रुपयांचा दर मालकांना मान्य करावा लागला.

मजुरी वाढली, जमीन मात्र अडकली. 1948 च्या कूळकायद्याचा आणि नंतर 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाचा, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं त्या दिवसाचा, लाभ घ्यायला कूळ म्हणून दप्तरी नोंद लागे, आणि इथली बहुतेक कुळं तोंडी कराराची.