ट्रेल निवडताना चढ नाही, उतार बघा

परवा ट्रेकहून परत आलेल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, जिना चढता येतोय पण उतरताना कठडा धरून आडवं उतरावं लागतंय, मांड्यांमध्ये लॅक्टिक ॲसिड साचलंय वाटतं, काय करू? जोराची मेहनत करताना स्नायूंमध्ये तयार होणाऱ्या या लॅक्टिक ॲसिडचं इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. त्या दुखण्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. आणि खरं कारण एकदा समजलं ना, की डोंगरातल्या नॅशनल पार्कमध्ये कुठला ट्रेल घ्यायचा हे आपण वेगळ्याच पद्धतीने ठरवायला लागतो.

आधी पाट्यांवरच्या 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' बद्दल थोडं. हे सगळीकडे एकाच मापाने ठरत नाही. स्विस अल्पाइन क्लबची टी १ ते टी ६ अशी श्रेणी आहे, ती मुख्यतः वाट किती अवघड आणि धोक्याची आहे ते सांगते, तुम्ही किती दमाल ते नाही. अमेरिकेतल्या शेनांडोआ नॅशनल पार्कमध्ये सरळ सूत्रच आहे: एकूण चढ फुटांमध्ये घ्या, दुप्पट करा, त्याला मैलांमधल्या अंतराने गुणा आणि वर्गमूळ काढा. ५० च्या आत आलं तर सोपा, ५० ते १०० मध्यम, २०० च्या वर गेलं तर फारच कठीण. सूत्र छान आहे पण एक उदाहरण करून बघा. ८ मैलांचा ट्रेल, ९०० फूट चढ: उत्तर १२०. आता ४ मैलांचा ट्रेल, १८०० फूट चढ: उत्तर परत १२०! दोन्ही ट्रेल माथ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येणारे धरले, तर पहिल्यात दर १०० मीटरला साधारण ४ मीटर उतरायचंय आणि दुसऱ्यात १७ मीटर. आकडा एकच, पण दोन दिवसांनी मांड्या काय म्हणतील ते अजिबात एक नाही.

का, ते सांगते, कारण मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

स्नायू आकसतो तेव्हा काम करतो असं आपण शाळेत शिकलो. पण उतरताना काय होतं बघा. पाऊल खाली टेकतं, गुडघा वाकायला लागतो, आणि तो एकदम वाकून आपण कोसळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू जोर लावून धरतो. म्हणजे तो आकसायचा प्रयत्न करतोय आणि त्याच वेळी ताणला जातोय! ब्रेक लावल्यासारखं. ७० किलोचा माणूस ५५० मीटर (म्हणजे तेच १८०० फूट) उतरतो तेव्हा साधारण ३७७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, एक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी, आणि त्यातली बहुतेक पायांचे स्नायूच जिरवतात.

आता गंमत अशी की हे काम स्वस्तात होतं. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या, एकाने पुढे पॅडल मारायचं आणि दुसऱ्याने ते फक्त अडवायचं. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला तेव्हा अडवणाऱ्या सडपातळ तरुणीने पॅडल मारणाऱ्या तरुणाला बघता बघता दमवलं.

स्वस्त का, तर स्नायूच्या आत ॲक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे अतिसूक्ष्म धागे असतात, मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात आणि एरवी प्रत्येक पकड सोडवायला एटीपी (पेशींचं इंधन) खर्च होतो. ताणताना मात्र बऱ्याच पकडी ओढ बसूनच तुटतात, एटीपी न खर्चता. शिवाय ताणला जाणारा स्नायू जास्त भार पेलतो, त्यामुळे कमी स्नायूतंतूंवर भागतं. पण म्हणजेच त्या थोड्या तंतूंवर प्रत्येकी ओझं जास्त! एकेका तंतूत सार्कोमिअर नावाचे हजारो छोटे घटक साखळीसारखे एकामागे एक असतात, सगळे सारखे मजबूत नसतात, साखळी ताणली की सगळ्यात कमजोर असतो तो आधी जास्त लांबतो, लांबला की आणखी कमजोर होतो, आणि शेवटी त्यातले ॲक्टिन-मायोसिन एकमेकांपासून पार सुटतात. हजारो पावलं, प्रत्येक पावलाला असे थोडे थोडे. मग सूज, दाह, नसांची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं.

आणि लॅक्टिक ॲसिड? ते चढताना जास्त तयार होतं आणि थांबल्यावर तासाभरात बहुतेक निघूनही जातं. १९८३ मध्ये ट्रेडमिलवर तपासलं गेलंय: सपाटीवर पळणाऱ्यांचं लॅक्टेट (म्हणजे रक्तात उतरलेलं लॅक्टिक ॲसिड) वाढलं पण नंतर दुखलं नाही, उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय मात्र दुखले. तरी 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढणारी' पेयं आणि पट्टे विकले जातात, ते बघून राग येतो, जे दुसऱ्या दिवशी तिथे नसतंच ते बाहेर काय काढणार? (लघवी काळपट चहासारखी झाली तर मात्र घरगुती उपाय नकोत, लगेच डॉक्टर गाठा.)

उतारावर धाप लागत नाही, त्यामुळे शरीर वेळेवर सांगतच नाही की नुकसान चाललंय. म्हणून ट्रेल घरीच ठरवा. फक्त एकूण चढ बघू नका, उतार किती मीटरचा आणि किती अंतरात आहे ते बघा. गोल फिरून येणारा ट्रेल असेल तर उभ्या बाजूने चढा आणि लांब, संथ बाजूने उतरा, पाट्यांवर दिशा उलटी सुचवलेली नसेल तर. उतरताना पावलं छोटी टाका म्हणजे स्नायू कमी ताणला जातो, दोन काठ्या असतील तर थोडा भार हातांवर जातो.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट: एकदा बेताचा उतार उतरून थोडं दुखून घेतलं की स्नायू शिकतो, पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने पुष्कळ कमी दुखतं. त्यामुळे मोठ्या ट्रेलच्या दोन आठवडे आधी एक मध्यम ट्रेल करा, तोही नसेल तर उंच इमारतीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली या. मैत्रिणीला हेच कळवलंय, पुढच्या महिन्यात परत जाताना तिचे पाय आधीच थोडे तयार असतील. तिने नकाशाही पाठवलाय, त्यात पूर्वेकडच्या उतारावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे बाजू उभी आहे, आणि पश्चिमेकडे चांगल्या सुट्या सुट्या आहेत. पूर्वेने चढ, पश्चिमेने उतर, असं सांगितलंय.